केमो चालू असताना कर्क्युमिनची कॅप्सूल: देत राहू की थांबवू?

पत्र थोडक्यात:

माझी ताई ४६ वर्षांची आहे. तिला स्तनाचा कर्करोग झाला. गाठ हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या जोरावर वाढणारी, निघाली. ऑपरेशन झालं आणि आता केमो सुरू आहे. डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइडच्या चार सायकलींपैकी दोन झाल्या आहेत. नंतर पॅक्लिटॅक्सेल हे केमोचंच औषध आणि शेवटी काही वर्षं टॅमॉक्सिफेन ही हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी, असं ठरलंय. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय, त्यामुळे निदान झाल्यापासून रोज रात्री शोधनिबंध वाचत बसते. हळदीतलं कर्क्युमिन स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मारतं, असं सांगणारे कितीतरी निबंध सापडले. म्हणून पहिल्या सायकलीपासून ताईला कर्क्युमिनची कॅप्सूल सुरू केली, ५०० मिलिग्रॅमची, दिवसातून दोनदा. शोषण वाढावं म्हणून तिच्यात काळ्या मिरीतलं पिपरीनही आहे. मी सांगितलं म्हणून ताई निमूट घेते. डॉक्टरांना आम्ही काही बोललो नाही, ते उडवून लावतील. आता भाऊजींना कळलंय आणि ते चिडलेत. वनस्पतीतून आलेली गोष्ट आहे, गुण आला तर आला, नाहीतर नुकसान तर काही नाही, असं मला वाटतं. देत राहू का? डॉक्टरांना सांगायलाच हवं का?

उत्तर:

आधी उत्तर देते, कारण ताईंची तिसरी सायकल तोंडावर आली असेल. कॅप्सूल आजपासून थांबवा आणि सायकलीच्या आधी डॉक्टरांना सगळं सांगा: काय दिलं, किती दिलं, कधीपासून दिलं. कर्क्युमिन एकदम बंद केल्यानं काही त्रास होत नाही, ती काळजी नको. असं का म्हणते ते आता सविस्तर सांगते. तुम्ही निबंध वाचणाऱ्या आहात, नुसत्या ‘नको’वर तुमचं समाधान होणार नाही. व्हायलाही नको.

तुम्ही वाचलेलं खोटं नाही, हे पहिल्यांदा मान्य करू या. पेशीत एनएफ-कप्पाबी नावाचं प्रथिन असतं. एरवी दुसऱ्या एका प्रथिनानं त्याला धरून ठेवलेलं असतं. पेशीवर ताण आला की ते सुटतं, केंद्रकात जातं आणि जगायला, वाढायला, दाह पेटवायला लागणारी जनुकं चालू करतं. काम झालं की पुन्हा बंद होतं. कर्करोगाच्या बऱ्याच पेशींत मात्र ते सुटलेलंच राहतं, आणि म्हणून मरण्याचा इशारा मिळूनही पेशी मरत नाही. कर्क्युमिन ही सुटका अडवतं, असं दाखवणारा निबंध १९९५ साली प्रसिद्ध झाला आणि तिथून या विषयाला पूर आला. अशा प्रयोगांत बीसीएल-२ सारखी पेशीला वाचवणारी प्रथिनं घटताना दिसतात, मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी बाहेर पडतं, कास्पेज नावाची विकरं जागी होतात आणि पेशी स्वतःला आतून मोडून टाकते. यालाच अपोप्टोसिस म्हणतात. हे सगळं दिसतं, पण ते कुठे दिसतं, हे नीट पाहायला हवं.

मी काही वर्षं पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत काम केलंय, म्हणून तो प्रयोग जवळून दाखवते. तळहातावर मावेल अशी पारदर्शक प्लास्टिकची प्लेट असते, तिच्यात ९६ छोटे खळगे, म्हणजे वेल. प्रत्येक वेलमध्ये गुलाबी पोषक द्रव आणि तळाला चिकटलेल्या काही हजार पेशी. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवून वेलमध्ये सोडतात. द्रव पिवळट, नारिंगी होतो. प्लेट ३७ अंशांवर २४ किंवा ४८ तास ठेवली जाते. मग एमटीटी नावाचं पिवळं रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, त्यामुळे जांभळा रंग जितका गडद तितक्या पेशी जिवंत. यंत्र रंग मोजतं, आलेख निघतो आणि ‘पेशी मेल्या’ असं वाक्य लिहिलं जातं. त्या प्लेटमध्ये पोट नाही, आतडं नाही, यकृत नाही. औषध गाठीपर्यंत पोचेल का, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नसतो, कारण ते पेशींच्या डोक्यावर थेट ओतलेलं असतं. असे प्रयोग गरजेचे आहेत, त्यांच्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. पण ते पहिलंच पाऊल असतं.

आता आकडे. तुम्ही वाचलेल्या निबंधांत ‘साहित्य आणि पद्धती’ हा भाग उघडून कर्क्युमिनची मात्रा बघा. बहुतेक ठिकाणी ती १० ते ५० मायक्रोमोलर असेल (मायक्रोमोलर हे द्रवातल्या औषधाचं प्रमाण मोजण्याचं एकक, आणि नॅनोमोलर त्याचा हजारावा भाग). माणसाच्या रक्तात किती मिळतं? २००१ सालच्या तैवानमधल्या अभ्यासात रुग्णांना दिवसाला ८ ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन दिलं गेलं, आणि सर्वांत मोठ्या डोसला रक्तातली कमाल पातळी सरासरी १.७७ मायक्रोमोलर होती. तीही डोसनंतर एक-दोन तासांनी गाठली जायची आणि मग उतरत जायची. २००४ सालच्या ब्रिटिश अभ्यासात रोज ३.६ ग्रॅम घेणाऱ्यांच्या रक्तात जेमतेम ११ नॅनोमोलरच्या आसपास सापडलं. प्लेटमधल्या सगळ्यात सौम्य, १० मायक्रोमोलरच्या मात्रेशी हे ताडून बघा: फरक सुमारे नऊशे पटींचा आहे. आणि ताई घेतात ते दिवसाला १ ग्रॅम. बाकीचं जातं कुठे? बरंचसं आतड्यातून शोषलंच जात नाही. जे शोषलं जातं त्याला आतड्याची भिंत आणि यकृत मिळून ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेट जोडतात आणि बाहेरची वाट दाखवतात.

पिपरीन याच ठिकाणी येतं. १९९८ साली निरोगी माणसांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरीन दिल्यावर शोषण २००० टक्क्यांनी वाढलं. बाटल्यांवर आणि जाहिरातींत हा आकडा ठळक छापलेला असतो. आकडा खरा आहे, पण ज्याच्या वीसपट झाली तो मूळ आकडाच मोजता येईल-न येईल असा होता, आणि वाढ अल्पकाळ टिकली. पिपरीन हे कसं साधतं, तो मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. थोड्या वेळानं त्यावर येते.

तुम्ही रसायनशास्त्राच्या आहात, म्हणून एक गोष्ट तुम्हाला इतरांपेक्षा लवकर पटेल. कर्क्युमिनची रचना कागदावर काढा. मधे डायकीटोन, दोन्ही बाजूंना कार्बन-कार्बनचे दुहेरी बंध, टोकांना फिनॉल. अशा रेणूवर प्रथिनांमधले सल्फरवाले गट सहज चिकटतात. तो धातूंच्या आयनांना धरतो, पेशीच्या पटलात गडबड करतो, स्वतः चमकतो आणि त्यामुळे प्रकाश मोजणाऱ्या चाचण्यांना फसवतो. शिवाय शरीराच्या तापमानाच्या उदासीन, सीरम नसलेल्या द्रावणात त्याचा सुमारे ९० टक्के भाग अर्ध्या तासात विघटित होतो. म्हणजे प्लेटमध्ये नक्की कुणी काय केलं, कर्क्युमिननं की त्याच्या तुकड्यांनी, हेही दर वेळी सांगता येत नाही. ‘कर्क्युमिन शंभर लक्ष्यांवर काम करतं’ असं वाचलं की छाती भरून येते, पण औषध शोधणारे रसायनतज्ज्ञ अशा वेळी सावध होतात. २०१७ साली अशाच तज्ज्ञांनी या साऱ्या संशोधनाचा आढावा घेतला. तोवर कर्क्युमिनच्या १२० हून अधिक मानवी चाचण्या झाल्या होत्या किंवा सुरू होत्या, आणि प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी, तुलना करणाऱ्या आणि कुणाला काय दिलं हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही न कळू देता केलेल्या एकाही चाचणीत ते निर्विवादपणे यशस्वी ठरलं नव्हतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. या विषयातल्या एका फार गाजलेल्या संशोधकाचे दोन डझनांहून अधिक निबंध मागे घेतले गेले आहेत, हेही तुम्हाला माहीत असावं. ते मागे घेतले गेले तरी त्यांचा आधार घेणारे पुढचे निबंध तसेच फिरत राहतात. रात्री एकटीनं वाचत बसलेल्या माणसाला हे कळणार तरी कसं?

माणसांवरच्या चाचण्यांची एक जोडी सांगते, कारण तिच्यातून बरंच शिकण्यासारखं आहे. काही कुटुंबांत अशी आनुवंशिक व्याधी असते की मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप, म्हणजे छोट्या गाठी, उगवतात आणि पुढे त्यांचा कर्करोग होतो. कर्क्युमिनला यशाची सर्वांत चांगली संधी इथे होती, कारण रक्तात पोचलं नाही तरी आतड्यात ते भरपूर असतं. २००६ साली अशा ५ रुग्णांना क्वेर्सेटिन या दुसऱ्या वनस्पतिजन्य द्रव्यासोबत कर्क्युमिन दिलं तेव्हा पॉलिपची संख्या आणि आकार दोन्ही घटले. आशा वाढली. मग २०१८ साली ४४ रुग्णांची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली: निम्म्यांना वर्षभर रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन, निम्म्यांना प्लासिबो. दोन्ही गटांत फरक निघाला नाही. स्तनाच्या कर्करोगात रेडिएशनमुळे त्वचा भाजते, तिथेही हेच झालं. ३० रुग्णांच्या चाचणीत कर्क्युमिननं त्रास कमी झाल्यासारखा दिसला, ६८६ रुग्णांच्या चाचणीत तो फायदा टिकला नाही. पहिल्या, छोट्या अभ्यासांच्या बातम्या होतात. दुसऱ्या, मोठ्या अभ्यासांच्या होत नाहीत.

चांगली बातमी अगदीच नाही असं नाही, ती तुमच्यापासून लपवणार नाही. २०२० साली आर्मेनियातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. स्तनाचा कर्करोग पसरलेल्या १५० स्त्रियांना पॅक्लिटॅक्सेलबरोबर आठवड्यातून एकदा शिरेतून कर्क्युमिन किंवा प्लासिबो दिलं. गाठी लक्षणीय आक्रसल्याचं प्रमाण कर्क्युमिनच्या गटात ५१ टक्के, दुसऱ्या गटात ३३ टक्के होतं. हा निकाल दुर्लक्षण्यासारखा नाही. पण ते औषध शिरेतून, ठरलेल्या मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीत दिलं होतं, आणि एकाच चाचणीवर अजून काही ठरत नाही. तोंडानं घेतलेल्या कॅप्सूलला हा आकडा लावता येत नाही. आणि कुणी खासगीत शिरेतून कर्क्युमिन द्यायची तयारी दाखवली तर तिथून उठून निघा. २०१७ साली अमेरिकेत असं इंजेक्शन घेतलेल्या एका तरुण स्त्रीचा मृत्यू झाला आणि तिथल्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त थांबले त्याकडे येते: ‘गुण आला तर आला, नाहीतर नुकसान तर काही नाही.’

यात एक गृहीतक दडलंय. कर्क्युमिन कर्करोगाची पेशी मारण्याइतकं ताकदवान आहे आणि बाकी कशालाही हात न लावण्याइतकं सौम्यही आहे, असं तुम्ही एकाच वेळी मानता आहात. एनएफ-कप्पाबी, कास्पेज, मायटोकॉन्ड्रिया ही यंत्रणा केमोचीही आहे. डॉक्सोरुबिसिन पेशी मारतं ते काही अंशी ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार करून आणि जेएनके नावाची संदेशसाखळी पेटवून. कर्क्युमिन त्या रेणूंना विझवू शकतं. २००२ साली एका संशोधक गटानं हेच तपासलं. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर डॉक्सोरुबिसिन आणि आणखी दोन औषधं वापरली, सोबत कर्क्युमिन दिलं. पेशी मरण्याचं प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत घटलं. मानवी गाठी वाढवलेल्या उंदरांच्या खाण्यात कर्क्युमिन मिसळल्यावर सायक्लोफॉस्फमाइडनं गाठी जेवढ्या आक्रसायला हव्या तेवढ्या आक्रसल्या नाहीत. ही दोन औषधं म्हणजे ताईंच्या चालू सायकली. अजून एक बारकावा बघा: पेशींना वाचवण्याचा हा परिणाम १ मायक्रोमोलर इतक्या कमी मात्रेतही दिसला. पेशी मारायला दहा-वीस मायक्रोमोलर लागतात, आणि केमोपासून वाचवायला त्याहून कितीतरी कमी पुरतं.

हाही अभ्यास पेशींचा आणि उंदरांचा आहे. कर्क्युमिन केमोला मदत करतं असं दाखवणारे प्रयोगही आहेत. म्हणून ‘ताईंचं नुकसान झालंच’ असं मी म्हणत नाही, तुम्हीही तसं मनात घेऊ नका. पण ज्या जातीच्या पुराव्यावर तुम्ही कॅप्सूल सुरू केलीत, त्याच जातीचा पुरावा उलट दिशेनंही उभा आहे. एक धरायचा आणि दुसरा सोडायचा, असं करता येणार नाही. माणसांवरचा थोडा अंदाज हवा असेल तर तोही आहे. ताईंना मिळताहेत तीच तिन्ही केमोची औषधं वापरलेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीतल्या ११३४ रुग्णांच्या पूरक गोळ्यांच्या सवयी तपासल्या गेल्या, निष्कर्ष २०२० साली आले. केमोच्या आधीपासून आणि केमोदरम्यान जीवनसत्त्व ए, सी, ई यांसारखी अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. संख्याशास्त्राच्या कसोटीला ते थोडक्यात उतरलं नाही आणि त्या यादीत कर्क्युमिन नव्हतं. तरीही माझ्या सख्ख्या माणसाचा प्रश्न असता तर एवढ्यावर मी थांबले असते.

पिपरीनबद्दल सांगायचं राहिलं होतं. कर्क्युमिनला शरीराबाहेर काढणारी विकरं पिपरीन दडपतं, म्हणून शोषण वाढतं. पण ही विकरं कर्क्युमिनसाठी राखीव नाहीत. सीवायपी-३ए४ हे यकृतातलं विकर आणि पी-ग्लायकोप्रोटीन हा पेशीतला उपसा पंप, पिपरीन या दोघांनाही अडवतं, आणि पॅक्लिटॅक्सेलची विल्हेवाट लावण्यात या दोघांचाही हात असतो. पॅक्लिटॅक्सेलचा डोस मिलिग्रॅममध्ये मोजून ठरवलेला असतो. तो शरीरात जास्त वेळ रेंगाळला तर पांढऱ्या पेशी उतरणं, हातापायांना मुंग्या येणं हे त्रास वाढू शकतात. टॅमॉक्सिफेनचं मोजमाप तर थेट रुग्णांवर झालंय. नेदरलँड्समधल्या २०१९ सालच्या अभ्यासात टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या १६ स्त्रियांना दिवसातून तीनदा १२०० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिलं. टॅमॉक्सिफेनपासून शरीरात तयार होणारं खरं कामाचं द्रव्य, एंडॉक्सिफेन, जवळपास ८ टक्क्यांनी घटलं. पिपरीन जोडल्यावर १२ टक्क्यांहून अधिक. आकडा छोटा वाटेल, पण ज्यांची पातळी मुळातच काठावर असते त्यातल्या काही जणी यामुळे गरजेच्या पातळीखाली जाऊ शकतात.

आणि यकृत. हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या १० अमेरिकन रुग्णांची माहिती २०२२ साली एकत्र प्रसिद्ध झाली. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एक दगावला. असं क्वचितच होतं. १० पैकी ७ जणांत एक ठरावीक जनुकप्रकार होता, म्हणजे सगळ्यांना सारखा धोका नसतो. पण कुणाला आहे, हे बाटली उघडताना कळत नाही. ताईंच्या बाबतीत याचा एक व्यवहारी अर्थ आहे आणि माझ्या मते डॉक्टरांना सांगण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. समजा पुढच्या रक्ततपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं विकर, वाढलेलं आलं. कॅप्सूलबद्दल माहीत नसलेले डॉक्टर काय करतील? केमोनंच यकृताला त्रास झाला असं धरतील, सायकल पुढे ढकलतील किंवा डोस कमी करतील. म्हणजे कामाचं औषध कमी होईल आणि बिनकामाचं चालू राहील. तुमच्या गप्प राहण्याची ही किंमत ताईंना मोजावी लागेल.

‘वनस्पतीतून आलेलं’ म्हणून तुम्हाला जो विश्वास वाटतो, तो मला अजिबात हास्यास्पद वाटत नाही. ताईंना पुढे मिळणारं पॅक्लिटॅक्सेल हेच मुळी पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून सापडलं. मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी त्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध केली, आणि अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झालं १९९२ साली. मधली दोन दशकं ते कसं विरघळवायचं, किती द्यायचं, किती दिलं की बाधतं, कुणाला उपयोगी पडतं, हे शोधण्यात गेली. सदाफुलीतून आलेल्या व्हिन्क्रिस्टिनचा डोस थोडा चुकला तरी मज्जातंतूंवर परिणाम होतो. वनस्पतींच्या रेणूंना आधुनिक औषधांनी नाकारलेलं नाही. कर्क्युमिन अजून या वाटेवर मध्येच आहे, आणि कॅप्सूल विकणाऱ्यांनी ती वाट चालायचं टाळलंय.

डॉक्टर उडवून लावतील, असं तुम्ही लिहिलंय. कदाचित लावतीलही. ओपीडीत एका रुग्णाला मिळणारा वेळ थोडा असतो आणि काही जण तुटक बोलतात. पण तुम्ही त्यांची परवानगी मागायला चाललेल्या नाही आहात, माहिती द्यायला चालला आहात. त्यासाठी त्यांचा कर्क्युमिनवर विश्वास असण्याची गरज नाही. बाटली सोबत न्या, कारण लेबलावर कर्क्युमिनॉइड किती टक्के, पिपरीन किती मिलिग्रॅम, आणखी कोणते अर्क मिसळलेत हे बारीक अक्षरात असतं आणि तोंडी सांगताना हमखास सुटतं. एका कागदावर सुरू केल्याची तारीख, थांबवल्याची तारीख आणि मधल्या सायकलींच्या तारखा लिहा. आणि आत गेल्यावर पहिल्याच मिनिटात बोला: ‘डॉक्टर, पहिल्या सायकलीपासून ताईंना कर्क्युमिन ५०० मिलिग्रॅम दोनदा, पिपरीनसोबत, मी देत होते. आता थांबवलंय. लिव्हरची तपासणी पुन्हा करायची का? आणि सायकल ठरलेल्या दिवशी घ्यायची ना?’ एवढं पुरे. डॉक्टरांना वेळ नसेल तर केमो देणाऱ्या नर्सला किंवा तिथल्या फार्मासिस्टला सांगा आणि फाइलवर नोंद करून घ्या. ताईंचे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा जेवणावरची वासना अचानक उडाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.

ताईंशी मात्र त्याआधी बोला. त्या कॅप्सूल घेतात ती निबंध वाचून नाही, तुम्ही सांगितलं म्हणून. तेव्हा थांबवायचं कारणही तुमच्याच तोंडून, सोप्या शब्दांत त्यांना कळायला हवं. ‘मी जे वाचलं होतं ते अर्धंच होतं, आता पुढचं वाचलंय’ असं म्हणा. त्यांना घाबरवू नका आणि स्वतःला गुन्हेगार ठरवत रडूही नका, नाहीतर त्या उलट तुम्हालाच धीर देत बसतील. भाऊजींचा राग बहुधा कॅप्सूलपेक्षा लपवाछपवीचा असेल. डॉक्टरांकडे जाताना त्यांना बरोबर घ्या, म्हणजे वेगळं समजावत बसावं लागणार नाही.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठीही थोडं सांगते, कारण अशी पत्रं नेहमी येतात, फक्त गोळीचं नाव बदलतं. ग्रीन टीच्या अर्कातलं ईजीसीजी हे द्रव्य बोर्टेझोमिब या मायलोमाच्या (एका रक्ताच्या कर्करोगाच्या) औषधाला थेट चिकटून निकामी करतं, असं २००९ साली प्रयोगशाळेत आणि उंदरांमध्ये दिसलं. मन उदास असताना घेतला जाणारा सेंट जॉन्स वर्ट हा वनस्पतीचा अर्क आयरिनोटेकन या केमोच्या औषधापासून शरीरात तयार होणाऱ्या कामाच्या द्रव्याची पातळी ४२ टक्क्यांनी उतरवतो, हे रुग्णांमध्ये मोजलं गेलंय. आणि बीटा-कॅरोटीन! गाजरातलं हे द्रव्य फुप्फुसाचा कर्करोग टाळेल अशी साऱ्यांची खात्री होती. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, आणि १९९४ साली निकाल आला तो असा की ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त झाला. म्हणून कोणताही अर्क, कॅप्सूल, थेंब वा पावडर केमोच्या काळात सुरू करण्याआधी आणि नंतर नवं औषध जोडलं जाताना फाइलवर यायलाच हवी, मग ती कितीही ‘नैसर्गिक’ असो.

जेवणातल्या हळदीची भीती बाळगू नका. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं, म्हणजे ३ ग्रॅम हळदीत ९० मिलिग्रॅम. ताईंच्या दोन कॅप्सूल मिळून त्याच्या दहापटींहून जास्त होतं. नेहमीच्या स्वयंपाकात असते तेवढी असू द्या, औषध म्हणून चमच्यानं वेगळी देऊ नका.

राहिली तुमची तळमळ. काहीच न करता बघत बसणं तुम्हाला जमणार नाही, हे पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसतंय. मग तुमचं शिक्षण आणि तुमची चिकाटी जिथे ताईंना खरंच उपयोगी पडेल तिथे लावा. प्रत्येक सायकलीनंतरचा त्रास तारखेनिशी लिहून ठेवा: मळमळ कितव्या दिवशी जास्त होते, उलटीची गोळी कोणत्या वेळी दिल्यावर बरं वाटतं, झोप किती लागते. डॉक्टरांना अशी नोंद मिळाली तर पुढच्या वेळी औषधांत बदल करता येतो. घरात थर्मामीटर ठेवा. केमोदरम्यान ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचं. या एका नियमानं जीव वाचतात आणि तो पाळायला घरात जागं माणूस लागतं. झेपेल तेवढं रोजचं चालणं केमोचा थकवा कमी करतं, याला चाचण्यांचा चांगला आधार आहे. ताईंबरोबर रोज चालायला जा. रक्ताच्या रिपोर्टांचा तक्ता करा आणि त्यात पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, एसजीपीटी यांचे आकडे एकाखाली एक मांडा. एखादा आकडा सरकताना सगळ्यात आधी तुमच्याच लक्षात येईल. आणि कर्क्युमिनवर कुठे रीतसर नोंदलेली चाचणी चालू असेल तर ताई तिच्यात बसतात का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

एक शेवटची तारीख आत्ताच लिहून ठेवा. केमो संपल्यावर ‘आता द्यायला काय हरकत आहे’ असं पुन्हा वाटेल. पण तेव्हा टॅमॉक्सिफेन सुरू झालेलं असेल, तेही वर्षानुवर्षं चालणारं, आणि त्या औषधाचं आणि कर्क्युमिनचं काय होतं हे तर रुग्णांवर मोजलेलं आहे. म्हणून टॅमॉक्सिफेनची पहिली चिठ्ठी मिळेल त्या दिवशी, त्याच टेबलाशी बसून, हा प्रश्न पुन्हा विचारा.